प्राचार्यपद सोडून विद्यार्थिनी झालेल्या ताराबाई

बारावीचा निकाल लागला की अमरावती-अकोल्याकडच्या घरांतून एक चर्चा हमखास रंगते. मुलगा इंजिनिअरिंगला, मुलगी मेडिकलला, इथपर्यंत सारे सुरळीत चालते. पण एखाद्या मुलीने आपल्याला मानसशास्त्र घ्यायचे आहे असे सांगितले, की वडीलधारी मंडळी एकमेकांकडे पाहू लागतात. पदवी मिळेल हो, पण पुढे त्या पदवीचे करायचे काय? ही चिंता अगदीच अनाठायी म्हणता येत नाही. मन कसे चालते हे पुस्तकात वाचायला मिळते, पण दुसऱ्याच्या मनाजवळ कसे जावे हे परीक्षेत कोणी विचारत नाही. ते कसब वेगळे आणि ते कमवावे लागते. शंभर वर्षांपूर्वी एका पदवीधर बाईंनी ते कसे कमावले, याची हकिगत वऱ्हाडातल्या वाचकांना जवळची वाटावी. कारण त्या बाई सहाएक वर्षे अमरावतीच्या सूनबाई होत्या. त्यांचे नाव ताराबाई मोडक.

ताराबाई माहेरच्या केळकर. १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. वडील सदाशिवराव आणि आई उमाबाई यांचे घर प्रार्थना समाजाच्या विचारांचे. त्यामुळे मुलीने शिकायचे की नाही, हा प्रश्न तिथे पडलाच नाही. १९१४ साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. झाल्या. त्या काळी मानसशास्त्र हा स्वतंत्र विषय म्हणून आपल्या देशात रुजलेलाच नव्हता. तत्त्वज्ञानाच्या पोटात त्याची काही ओळख होई तेवढीच. कलकत्ता विद्यापीठात प्रायोगिक मानसशास्त्राचा वेगळा विभाग निघाला तोच मुळी १९१६ साली. म्हणजे या वाटेने जाऊ पाहणाऱ्याला पुढे वाट अशी नव्हतीच.

१९१५ साली अमरावतीचे वकील श्री. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मुंबईहून निघालेली गाडी शेगाव, अकोला, मूर्तिजापूर करीत बडनेऱ्याला यायची आणि तिथून फाट्याने अमरावती गाठायची. कापसाच्या पैशाने गजबजलेले आणि वकिलांच्या नावाने ओळखले जाणारे असे ते गाव. दादासाहेब खापर्डे आणि मोरोपंत जोशी ही दोन नावे घेतली तरी त्या वकिली अमरावतीचा थाट लक्षात यावा. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आदल्याच वर्षी, १९१४ साली सुरू झाले होते. मात्र कॉलेज नव्हते. किंग एडवर्ड कॉलेज, म्हणजे पुढचे विदर्भ महाविद्यालय, उघडले १९२३ साली; तोवर ताराबाईंनी अमरावती सोडलीही होती. कॉलेज नसलेल्या गावात पदवीधर सून ही कौतुकाची गोष्ट असेल, पण त्या पदवीला पुढे वाव कुठे होता?

हा संसार टिकला नाही. १९२१ साली पतिपत्नी विभक्त झाली. का, कोणाचे चुकले, याची चिकित्सा आज करण्यात अर्थ नाही. शंभर वर्षांपूर्वी वकिलाचे घर सोडून, पदरी लहान मुलगी असलेली तिशीच्या उंबरठ्यावरची बाई बाहेर पडली, एवढ्यावरूनच त्या निर्णयाची किंमत आपल्याला कळू शकते. सुदैवाने हाताशी पदवी होती. राजकोटला स्त्रियांसाठी बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेज होते. त्याच्या प्राचार्य म्हणून ताराबाईंची नेमणूक झाली. मानाचे पद आणि महिन्याच्या महिन्याला पगार. आईच्या जिवाला दुसरे काय हवे असते? इथे गोष्ट संपली असती तर तीही एका स्वाभिमानी स्त्रीची चांगली गोष्ट झाली असती.

पण ताराबाईंची अडचण वेगळी होती. शिक्षिका तयार करणाऱ्या संस्थेच्या त्या प्रमुख होत्या आणि मूल नेमके कसे शिकते, याचे उत्तर त्यांना त्या चाकोरीत सापडत नव्हते. याच सुमारास मादाम माँटेसरींच्या विचारांकडे त्या ओढल्या गेल्या. माँटेसरी मूळच्या डॉक्टर. गतिमंद मुलांवर काम करता करता त्यांना मुलांच्या मनाचे कोडे उलगडू लागले आणि १९०७ साली रोममधल्या एका गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले. इकडे काठेवाडात भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले होते. योगायोग पाहा, गिजुभाईही पूर्वाश्रमीचे वकीलच. ताराबाईंनी एक वकिली घर सोडले होते आणि आता वकिली सोडून मुलांत रमलेल्या माणसाकडे त्या शिकायला निघाल्या. १९२३ साली राजकोटचे प्राचार्यपद सोडून, मुलीला घेऊन त्या भावनगरला गेल्या.

तिथे त्या शिकल्या काय? आजच्या भाषेत सांगायचे तर निरीक्षण. ऐकायला सोपे, करायला महाकठीण. एखादे मूल लाकडी ठोकळ्याच्या भोकांत लहानमोठे दट्टे बसवीत बसले आहे. दट्टा चुकीच्या भोकात जातो, सैल पडतो किंवा वरच राहतो. जवळ बसलेल्या मोठ्या माणसाचा हात शिवशिवतो, असे नाही, तसे, हे शब्द ओठांवर येतात. शिक्षिकेने नेमके तेच करायचे नाही. मुलाने किती वेळा करून पाहिले, चूक त्याची त्याला कधी कळली, किती वेळ त्याचे चित्त लागले, केव्हा कंटाळून उठले, हे पाहायचे, टिपून ठेवायचे आणि गप्प राहायचे. चूक दाखवण्याचे काम त्या साधनाचे. शिक्षिकेने आपली घाई आवरायची. रागावणे नाही, मारणे नाही, बक्षिसाचे आमिषही नाही. मोठ्या पदावरून आलेल्या व्यक्तीला हे अधिकच जड जात असावे, असे मला वाटते. हुकूम देण्याची सवय सुटणे ही काही लहान गोष्ट नव्हे.

त्यातून भाषा परकी. ज्या लहानग्याशी बोलायचे त्याची गुजराती आपल्याला चांगली येत नसेल तर सगळेच खुंटते. ताराबाईंनी गुजराती अशी आत्मसात केली की पुढे त्या भाषेत त्यांनी लेखन केले. गिजुभाईंच्या जोडीने शिक्षणपत्रिकेचे काम केले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, त्याच्या उभारणीत त्या होत्या. गिजुभाईंचे नाव मोठे आहे आणि ते योग्यच आहे. पण त्या नावाच्या सावलीत ताराबाईंचे भावनगरचे कष्ट झाकले जातात, हेही नोंदवायला हवे. माँटेसरीबाई स्वतः भारतात आल्या १९३९ साली. तोवर ताराबाईंच्या या कामाला सोळा वर्षे झाली होती.

पुढे त्या मुंबईला परतल्या. १९३३ पासून मराठी शिक्षणपत्रिका निघू लागली आणि १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाले. मराठी मध्यमवर्गाला बालवाडीची गोडी लागली ती याच काळात. ताराबाईंना मात्र एक गोष्ट सलत होती. माँटेसरीची साधने महाग आणि ती पोचतात कोणाच्या मुलांपर्यंत? रोमच्या गरीब वस्तीत जन्मलेली पद्धत आपल्याकडे खाऊनपिऊन सुखी घरांत अडकून पडत होती.

म्हणून वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ साली, त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. बरोबर अनुताई वाघ होत्या. तेराव्या वर्षी वैधव्य आलेल्या, पुण्यात शिक्षिका म्हणून काम केलेल्या अनुताई. या दोघींनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच मुलांच्या अंगणात गेली. आधी आंघोळ, मग नखे, केस, मग खेळ. विकतच्या साधनांऐवजी खडे, शिंपले, बिया, पाने. मोजायला शिकण्यासाठी चिंचोका रोमहून आणावा लागत नाही! १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे वारली मुले गुरे राखायला जात, म्हणून कुरणातच शाळा भरू लागली. दिवसा सवड नसलेल्यांसाठी रात्रीची शाळा निघाली. भावनगरला शिकलेले गप्प बसून पाहणे इथे उपयोगी पडले. मूल शाळेत का येत नाही, याचे उत्तर त्याच्या बुद्धीत शोधायचे नसून त्याच्या दिवसात शोधायचे असते, हे पाहिल्याशिवाय कळत नाही.

१९६२ साली सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या आणि कोसबाडचे काम अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरीपर्यंत चालवले.

ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. तिच्या केंद्रांना देशभर जे नाव मिळाले ते अंगणवाडी, बोर्डीच्या प्रयोगातून रूढ झालेला शब्द. आज अकोल्याच्या कापूसपट्ट्यातल्या गावांत आणि अमरावती जिल्ह्यात मेळघाटातल्या कोरकू वस्त्यांतही सकाळी अंगणवाडी भरते आणि सेविकेभोवती तीन ते सहा वर्षांची मुले गोळा होतात.