मोजणीचे यंत्र करणारे हर्मन हॉलेरिथ



संगणकाच्या तासाला तुम्ही एक छोटा प्रोग्राम लिहिता. शब्दांची यादी दिली की कोणता शब्द किती वेळा आला हे तो क्षणात सांगतो. एकेक शब्द वाचायचा आणि त्याच्या खात्यात एक मिळवायचा, एवढेच त्याचे काम. हे काम यंत्राकडून प्रथम मोठ्या प्रमाणावर करवून घेतले ते हर्मन हॉलेरिथ यांनी. या अंकात आम्ही त्यांचा परिचय करून देत आहोत.

हॉलेरिथ यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८६० रोजी अमेरिकेतील बफेलो येथे, जर्मनीहून आलेल्या कुटुंबात झाला. लहानपणी स्पेलिंग त्यांना फार जड जाई. त्या तासाला ते वर्गातून पळ काढीत, असे सांगतात. शेवटी त्यांना शाळेतून काढून खाजगी शिक्षकांकडे सोपवावे लागले. हाच मुलगा १८७९ मध्ये, १९ व्या वर्षी, कोलंबियाच्या स्कूल ऑफ माइन्समधून इंजिनिअर झाला.

पुढे त्यांना १८८० च्या जनगणनेत काम मिळाले. सुमारे पाच कोटी लोकांची माहिती कारकून हाताने रेघा मारून मोजत होते. हे काम सात-आठ वर्षे चालले. तोवर पुढची जनगणना दाराशी आली. तेथील वरिष्ठ अधिकारी जॉन शॉ बिलिंग्ज यांनी, हे काम यंत्राने व्हायला हवे, असे सुचवले. हॉलेरिथ यांनी ते मनावर घेतले.

वाट सापडली आगगाडीत. तिकीट तपासनीस प्रवाशाचे केस, डोळे, नाक यांचे वर्णन तिकिटावर भोके पाडून नोंदवीत असे. हॉलेरिथ यांनी प्रत्येक माणसासाठी एक कार्ड केले. वय, लिंग, जन्मस्थान, व्यवसाय, प्रत्येकाची भोकाची जागा ठरलेली. हाच त्यांचा कोड. यंत्राच्या सुया कार्डावर टेकत. भोक असेल तिथे सुई आरपार जाऊन खालच्या पाऱ्यात बुडे, वीज वाहे आणि तबकडीवरचा काटा एक घर पुढे सरके.

१८८९ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. १८९० च्या जनगणनेत हीच यंत्रे लागली आणि एकूण लोकसंख्या काही आठवड्यांतच हाती आली. आकडा होता ६,२६,२२,२५०. अनेकांना तो कमी वाटला, वर्तमानपत्रांनी टीकाही केली. पण यंत्र कोणाची इच्छा मोजत नव्हते, कार्डे मोजत होते.

१८९६ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली. नंतर भाड्यावरून जनगणना खात्याशी त्यांचे बिनसले आणि १९१० साठी खात्याने स्वतःची यंत्रे बनवून घेतली. १९११ मध्ये त्यांची कंपनी इतर कंपन्यांत विलीन झाली. त्याच संस्थेचे नाव १९२४ पासून आयबीएम आहे. १७ नोव्हेंबर १९२९ रोजी वॉशिंग्टन येथे त्यांचे निधन झाले.

पालकांना आमची विनंती, एका विषयात मागे पडलेल्या मुलाला सर्वच विषयांत कच्चा समजू नका. विश्वस्त मंडळापुढे दरवर्षी पटसंख्या ठेवताना आम्हालाही तो आकडा मनासारखा मिळतोच असे नाही. तरी जो आहे तोच मांडावा लागतो. उपाय त्यातूनच सुचतो. आणि मुलांनो, यंत्र वेगाने मोजेल, पण कार्डावर भोक योग्य जागी पाडणे माणसाच्याच हाती असते. म्हणून नोंद नेहमी खरी करा.