टाकळीची बारा वर्षे

माघ वद्य नवमी हा श्रीसमर्थ रामदासस्वामींचा पुण्यदिन. शके १६०३ मध्ये याच तिथीस सज्जनगडावर त्यांनी देह ठेवला. दासनवमी आली की अकरा मारुती, चाफळचे राममंदिर आणि मठांचा विस्तार डोळ्यांपुढे उभा राहतो. या कार्याचा पाया ज्या एकांतात घातला गेला, त्याचे स्मरण आज आम्हांस करावेसे वाटते.

शके १५३० च्या रामनवमीस जांब येथे सूर्याजीपंत व राणूबाई यांच्या पोटी नारायणाचा जन्म झाला. वयाच्या बाराव्या वर्षी बोहल्यावरून निघालेला हा बालक नाशिकजवळ टाकळीस आला. घर एका क्षणात सुटले. मन मात्र असे मागे टाकता येत नाही. ते बरोबरच आले होते.

पहाटेपासून मध्यान्हीपर्यंत नदीच्या पाण्यात उभे राहून जप, नंतर माधुकरी, पुढे ग्रंथांचे वाचन व लेखन, हा क्रम १२ वर्षे अखंड चालला. त्रयोदशाक्षरी राममंत्राचा १३ कोटी जप झाला, असे परंपरा सांगते. म्हणजे दररोज सुमारे ३० हजार वेळा मन नामाशी आणणे! धावत्या मनास धाव घेण्यापेक्षा परतण्याचेच वळण लागावे, हे त्या साधनेचे मर्म होय, असे आम्हांस वाटते.

त्या वळणाची कसोटी पुढे लागली. नंतरची १२ वर्षे तीर्थाटनात गेली. देशाचे दैन्य त्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिले. परंतु मन खचले नाही, की वैतागून गुहेत दडले नाही. ते कृष्णाकाठी येऊन लोककार्यास लागले. मनासाठी २०५ श्लोक रचले, तेव्हाही त्यांनी त्यास शत्रू न मानता सज्जन म्हणून हाक मारली.

आपण संसारी माणसे. आपल्याकडून १३ कोटी जप होणे कठीण. पण ठरल्या वेळी, ठरल्या जागी एक माळ होऊ शकते. त्यातही मन दहादा बाजारात जाईल. म्हणून जप वाया गेला, असे समजून माळ खाली ठेवू नये. दहादा त्यास प्रेमाने परत आणले, हीच त्या दिवसाची साधना. क्रोधाच्या किंवा संकटाच्या वेळी हेच वळण आपल्या कामी येईल. आजच्या पुण्यदिनी देवापुढे एवढा संकल्प आपण सारे करू या.