मास्तरकी सोडून वैद्यकाकडे : डॉ. भाऊ दाजी लाड

मानसशास्त्र घेऊन बी. ए. करणाऱ्या आमच्यापैकी पुष्कळांच्या मनात एक चोरटी इच्छा असते. आपण डॉक्टर झालो असतो तर! पण आज बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र नसेल तर ते दार उघडत नाही. कलाशाखा आणि वैद्यक यांच्यामध्ये अशी भिंत नव्हती, त्या काळातल्या एका माणसाची ही हकीकत आहे.

भाऊंचा जन्म १८२२ सालचा, गोव्यातील पेडणे भागातल्या मांद्रे गावचा. वडील विठ्ठल लाड मातीच्या मूर्ती करीत. पुढे ते कुटुंबासह मुंबईस आले. मुलगा बुद्धिबळात इतका तरबेज होता, की ते पाहून एका इंग्रजाने वडिलांना गळ घातली आणि भाऊंचे इंग्रजी शिक्षण सुरू झाले. संस्कृतची गोडी मात्र घरातली, वडिलांकडून आलेली.

एल्फिन्स्टनमध्ये शिकत असताना काठेवाड-कच्छातील बालिकाहत्येवर त्यांनी निबंध लिहिला आणि बक्षीस मिळविले. पुढे त्याच संस्थेत ते शिक्षक झाले. गरीब घरातल्या मुलाला याहून अधिक काय हवे? पण १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज उघडले, तेव्हा तेविशीतल्या या मास्तरांनी खुर्ची सोडली आणि ते पुन्हा बाकावर जाऊन बसले. सहा वर्षांनी, १८५१ मध्ये, पहिल्या तुकडीतून ते पदवीधर होऊन बाहेर पडले. आत्माराम पांडुरंग तर्खडकर त्यांचे सहाध्यायी.

आता खरी गंमत. डॉक्टर झाल्यावर त्यांनी जुने शिक्षण माळ्यावर टाकले नाही. संस्कृत ग्रंथांत ज्या वनस्पतींचे गुण वर्णिले आहेत, त्या खरोखर गुणकारी आहेत काय, हे ते रोग्यांवर पडताळून पाहू लागले. त्यातूनच कुष्ठरोगावर कडू कवठाच्या तेलाचा उपाय त्यांच्या हाती आला. ज्या रोग्याला घरचे लोकही दूर लोटत, त्याला जवळ बसवून औषध देणारा हा डॉक्टर होता. बंधू डॉ. नारायण दाजी यांच्या साथीने गोरगरिबांसाठी त्यांनी मोफत दवाखानाही चालविला.

मात्र ते औषध कोणते, हे भाऊंनी हयातभर गुप्त ठेवले. पूर्ण खात्री झाल्यावाचून जाहीर करायचे नाही, हा त्यांचा विचार. समकालीनांनी टीका केली, आणि मलाही ही गुप्तता पटत नाही. रोगी वाट पाहत बसत नाही. त्यांच्या पश्चात ते उघड झाले. सल्फोन औषधे येईपर्यंत, म्हणजे विसाव्या शतकाच्या चाळिशीपर्यंत, त्याच जातीच्या तेलांवर कुष्ठरोग्यांची भिस्त होती.

दुसरा प्रसंग १८६२ सालच्या महाराज अब्रूनुकसानी खटल्याचा. करसनदास मुळजींच्या बाजूने भाऊ साक्षीला उभे राहिले आणि वादी जदुनाथजी महाराजांना उपदंश झाला होता, हे त्यांनी कोर्टात सांगितले. डॉक्टरने रोग्याचे गुपित चारचौघांत सांगावे काय? आमच्या वर्गात यावर तास रंगेल! पण बलाढ्य धर्मगुरूंविरुद्ध उभे राहायला छाती लागते, एवढे कोणीही मान्य करील.

बाकीची कामे नुसती मोजतो. १८५२ च्या बॉम्बे असोसिएशनचे ते चिटणीस, मुलींच्या शाळांचे पाठीराखे, अजिंठ्याच्या शिलालेखांचे वाचक, आणि १८६९ व १८७१ साली मुंबईचे शेरीफ. १८६५ च्या शेअरच्या पडझडीत त्यांचे जबर नुकसान झाले. अखेर पक्षाघाताने त्यांना गाठले आणि ३१ मे १८७४ रोजी ते वारले.

गोवंडीहून हार्बरने कुर्ला आणि तिथे गाडी बदलली की भायखळा. राणीच्या बागेला लागून जे वस्तुसंग्रहालय आहे, त्याला १९७५ साली भाऊंचे नाव दिले गेले. आमच्यापैकी बहुतेकांनी ते शाळेच्या सहलीत पाहिलेले आहे. नाव वाचले होते, पण तो माणूस डॉक्टर होता आणि त्याआधी मास्तर होता, हे तेव्हा कोणी सांगितले नव्हते.