शेठ प्रेमचंद रायचंद : पत आणि तिचे कुंपण

आपल्या ज्ञातीतील तरुण नोकरीच्याच पाठीस न लागता छोटे उद्योग काढू लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. शेकडो कुटुंबांकडून थोडेथोडे भांडवल जमवावे व देणाऱ्यांना उद्योगाचे भागीदार करावे, असा विचारही घरोघरी ऐकू येतो. अशा वेळी मुंबईच्या एका विख्यात शेठजींचे चरित्र ज्ञातिबांधवांपुढे ठेवणे आम्हांस उचित वाटते. ते आपल्या ज्ञातीचे नव्हते; परंतु त्यांच्या आयुष्यातील धडा सर्वांचा आहे.

प्रेमचंद रायचंद यांचा जन्म १८३१ साली सुरतेस एका जैन कुटुंबात झाला. वडिलांबरोबर ते मुंबईस आले, इंग्रजी शिकले आणि ऐन तारुण्यात दलालीच्या धंद्यात पडले. इंग्रजी लिहितावाचता येणारा देशी दलाल त्या काळी विरळा. बुद्धी तल्लख, वाणी गोड, शब्द पक्का. थोड्याच वर्षांत त्यांचा बाजारात दबदबा निर्माण झाला.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. विलायतेतील गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना. आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. नव्या बँका निघाल्या, समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅकबे कंपनीचा ५,००० रुपये भरलेला शेअर ५०,००० रुपयांपर्यंत चढला. कंपनी करणार काय, हिशेब कोण तपासणार, हे कोणी विचारीना. शेठजींचे नाव पाहिले की लोक निश्चिंत होत.

कायद्याचे कुंपणही नेमके तेव्हाच ढिले झाले. १८६३ च्या कायद्यामुळे बँक ऑफ बाँबेला शेअरांच्या तारणावर कर्ज देण्याची वाट मोकळी झाली, आणि त्या बँकेत शेठजींचे वजन मोठे होते. कर्ज काढून शेअर घ्यावेत, शेअर ठेवून पुन्हा कर्ज काढावे, असे चक्र सुरू झाले. १८६५ च्या एप्रिलात युद्ध मिटत आले व कापूस कोसळला. १ जुलै हा वायद्याचे सौदे पुरे करण्याचा दिवस. त्या दिवशी घेणाऱ्यांच्या हाती पैसा नव्हता. असंख्य कुटुंबे धुळीस मिळाली. पुढे बँकही बुडाली, तिची सरकारी चौकशी झाली. खुद्द शेठजींचेही दिवाळे निघाले.

शेठजींची थोरवी मात्र नाकारता येत नाही. १८६४ साली त्यांनी मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी २ लाख व मनोऱ्यासाठी २ लाख रुपये दिले. मातोश्रींच्या नावाचा तो राजाबाई मनोरा १८७८ साली पुरा झाला व आजही उभा आहे. पडल्यावर ते खचले नाहीत; पुन्हा दलाली केली. १८७५ साली स्थापन झालेल्या दलालांच्या मंडळाच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. त्याच मंडळातून आजचा मुंबई शेअर बाजार वाढला. १९०६ साली त्यांचे देहावसान झाले.

असा दानशूर पुरुषही लोकांचा पैसा राखू शकला नाही, हाच या चरित्राचा बोध होय. माणसाचा चांगुलपणा म्हणजे पैशाला तारण नव्हे. नियम व हिशेबही हवेतच. आपल्या देशात २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे खाजगी रीतीने शेअर देताना जाहिरात करता येत नाही, आणि सर्वसाधारणपणे एका वर्षात २०० हून अधिक व्यक्तींना ते देऊ करता येत नाहीत. संगणकाच्या जाळ्यावरून अनेकांकडून असे भांडवल जमविण्याविषयी सेबीने २०१४ साली विचारपत्र काढले. अमेरिकेने २०१२ च्या कायद्याने अशी परवानगी दिली. पण व्यवहार नोंदणीकृत मध्यस्थामार्फतच व्हावा, कंपनीने माहिती उघड करावी, सामान्य माणसाने मिळकतीच्या मानानेच पैसा गुंतवावा, अशी बंधने घातली.

तरुणांना ही बंधने जाचक वाटतील. परंतु एखाद्या विधवा भगिनीची आयुष्याची पुंजी केवळ आपला मुलगा आहे एवढ्याच विश्वासावर कोणाच्या उद्योगात जाऊ नये, असे आम्हांस मनापासून वाटते. आपल्या तरुणांनी अवश्य उद्योग काढावेत, ज्ञातिबांधवांनी त्यांस हात द्यावा. मात्र देणाऱ्याने कागद वाचावा आणि घेणाऱ्याने हिशेब दाखवावा. ज्ञातीची पत त्यानेच वाढेल.