राखेच्या टेकड्यांतून पशुपालकांचा माग काढणारे ब्रूस फूट

बेंगळुरू : नगरे, शिलालेख आणि नाणी मागे ठेवणाऱ्यांचा इतिहास लिहिला जातो; गुरांमागे फिरणाऱ्या समाजांच्या वाट्याला तो मान क्वचितच येतो. दक्षिण भारतातील अशा विस्मृत पशुपालकांच्या खुणा ओळखणाऱ्यांत भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांचे स्थान अग्रगण्य आहे.

२२ सप्टेंबर १८३४ रोजी जन्मलेले फूट १८५८ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात रुजू झाले. ३० मे १८६३ रोजी मद्रासजवळील पल्लावरम येथे त्यांना अश्मयुगीन हातकुऱ्हाड सापडली आणि भारतीय प्रागैतिहासिक संशोधनाचा पाया घातला गेला. तत्कालीन दक्षिण मराठा मुलखाच्या भूरचनेवरील त्यांचा ग्रंथ १८७६ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वेक्षणातून निवृत्त झाल्यावर, १८९४ मध्ये स्थापन झालेल्या म्हैसूर संस्थानच्या भूविज्ञान विभागाची धुरा त्यांच्याकडे आली.

बळ्ळारीच्या कोरड्या, अल्प पावसाच्या प्रदेशात राखेच्या मोठमोठ्या टेकड्या आहेत. हंपीजवळच्या निंबापुरमची राख वालीच्या चितेची, अशी लोकश्रद्धा; अभ्यासकांपैकी काहींना त्यांत ज्वालामुखीचे, तर काहींना भट्ट्यांचे अवशेष दिसत. फूट यांनी मात्र ही जळालेल्या शेणाची राख असल्याचे मत मांडले. परिसरात मिळणाऱ्या घासीव दगडी कुऱ्हाडींशी सांगड घालून त्यांनी त्या नवाश्मयुगीन पशुपालकांच्या ठरविल्या.

त्यांच्या निष्कर्षाला भक्कम पुरावा मिळण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला. १९५७ मध्ये रेमंड ऑलचिन यांनी उटनूर येथे केलेल्या उत्खननात राखेच्या थरांमध्ये गुरांच्या खुरांचे ठसे आणि कुंपणाच्या खुंटांच्या खुणा आढळल्या. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे के. पद्दय्या यांनी बुडिहाळ येथे गोठ्यालगतची वस्तीही उजेडात आणली. शेण का जाळले जाई, याविषयी मात्र अद्याप एकमत नाही.

फूट यांनी आयुष्यभर जमविलेला संग्रह १९०४ मध्ये मद्रासच्या शासकीय संग्रहालयाने विकत घेतला. २९ डिसेंबर १९१२ रोजी त्यांचे निधन झाले. संग्रहाची सूची व त्यावरील टिपणे १९१४ आणि १९१६ मध्ये, म्हणजे त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाली. खतासाठी राख उपसली गेल्याने अनेक टेकड्यांची हानी झाली आहे. ज्यांनी एकही अक्षर लिहून ठेवले नाही, त्यांची कहाणी त्याच राखेत साठलेली आहे.