बहिणाबाईंचे स्वप्न

मुलांनो, उर्दूत आपण ज्याला ख्वाब म्हणतो, त्याला मराठीत स्वप्न म्हणतात. स्वप्ने तुम्हां सर्वांनाच पडतात. कधी तुम्ही परीक्षेला बसलेले असता आणि पेन उमटतच नाही. कधी वारलेली आजी अंगणात बसलेली दिसते. सकाळी जाग आली, की मनात प्रश्न येतो, की आपल्याला हेच का दिसले?

हा प्रश्न फार जुना आहे. हजरत यूसुफ (अ.) यांनी लहानपणी पाहिलेल्या स्वप्नाची हकीकत तुम्हांला ठाऊकच आहे. अकरा तारे, सूर्य आणि चंद्र त्यांच्यासमोर झुकले होते. आपल्या कोल्हापुरातही सुमारे पावणेचारशे वर्षांपूर्वी एका मुलीला असे एक स्वप्न पडले, की तिचे सारे आयुष्यच बदलून गेले. ती मुलगी म्हणजे संत बहिणाबाई.

मराठीत दोन बहिणाबाई प्रसिद्ध आहेत. खानदेशातील कवयित्री बहिणाबाई चौधरी या अलीकडच्या काळातील. आपल्या पाठातील संत बहिणाबाई त्यांच्या अडीचशे वर्षे आधी होऊन गेल्या.

संत बहिणाबाईंचा जन्म इ.स. १६२८ च्या सुमारास वेरूळजवळील देवगाव येथे झाला. हे गाव आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहे. वडील आऊदेव कुलकर्णी आणि आई जानकी यांचे हे पहिलेच अपत्य. त्या काळी मुलींची लग्ने फार लहानपणी होत. बहिणा जेमतेम तीन वर्षांची असताना तिचे लग्न शिऊर गावच्या गंगाधर पाठक यांच्याशी झाले. ते तीस वर्षांचे होते आणि त्यांचे हे दुसरे लग्न होते. ते विद्वान होते, पण स्वभावाने तापट होते.

बहिणा नऊ वर्षांची असताना भाऊबंदकीतून भांडण झाले. आईवडील, पती आणि बहिणा यांना गाव सोडावे लागले. पाय नेतील तिकडे जायचे, भिक्षा मागायची आणि मिळेल ते खायचे, असे त्यांचे दिवस गेले. वाटेत त्यांनी पंढरपूर पाहिले. बहिणा अकरा वर्षांची झाली, तेव्हा हे कुटुंब कोल्हापुरात येऊन स्थिरावले. त्या वेळी कोल्हापूरवर विजापूरच्या आदिलशाहीचा अंमल होता.

कोल्हापुरात कीर्तने होत आणि पुराणे सांगितली जात. बहिणा ती मन लावून ऐके. जयरामस्वामी नावाचे एक प्रसिद्ध कीर्तनकार होते. त्यांच्या तोंडून तिने देहूच्या संत तुकारामांचे अभंग ऐकले. देहू कोल्हापूरपासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. तिने तुकोबांना कधी पाहिले नव्हते, तरी त्यांचे शब्द तिच्या मनात घर करून राहिले. हेच आपले गुरू व्हावेत, असे तिला वाटू लागले.

पण त्या काळात एखाद्या मुलीने स्वतःचा गुरू स्वतः निवडणे सोपे नव्हते. शिवाय तुकोबा ब्राह्मण नव्हते. ब्राह्मण घरातील सुनेने त्यांना गुरू मानावे, हे पतीला मुळीच पटणारे नव्हते.

त्या घरात एक गाय होती. तिला वासरू झाले आणि बहिणाला त्याचा लळा लागला. बहिणा जाईल तेथे वासरू तिच्या मागे जाई. एकदा ते तिच्याबरोबर कीर्तनालाही गेले. जयरामस्वामींनी वासराच्या डोक्यावरून हात फिरवला, तसाच बहिणाच्या डोक्यावरही मायेने हात ठेवला. ही गोष्ट पतीच्या कानांवर गेली. ते संतापले. त्यांनी बहिणाला केस धरून ओढले, मारले आणि घरात बांधून ठेवले. गायीने आणि वासराने चारापाणी सोडले. अखेर वासरू मेले. बहिणा दुःखाने बेशुद्ध पडली आणि कित्येक दिवस तिला भान नव्हते.

याच दुःखात तिला ते स्वप्न पडले. संत तुकाराम तिच्यासमोर आले. त्यांनी तिच्या मस्तकावर हात ठेवला, तिला अमृत पाजले आणि रामकृष्णहरी हा मंत्र दिला. जागी झाल्यावर तिने मनाशी ठरवले, की आपल्याला गुरू मिळाले. खुद्द तुकोबांनाही त्यांचे गुरू बाबाजी चैतन्य यांनी स्वप्नातच मंत्र दिला होता, असे तुकोबांच्या अभंगांत सांगितले आहे.

मुलांनो, हे स्वप्न का पडले असेल? वारकरी भाविक त्याला गुरूची कृपा मानतात. मनाचा अभ्यास करणारे शास्त्र याच प्रश्नाकडे आपल्या पद्धतीने पाहते. या शास्त्राला मराठीत मानसशास्त्र आणि उर्दूत नफ्सियात म्हणतात. या शास्त्राने स्वप्नांविषयी वेगवेगळे विचार मांडले आहेत.

व्हिएन्ना शहरातील डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड यांचा स्वप्नांवरील प्रसिद्ध ग्रंथ इ.स. १९०० चा. जागेपणी जी इच्छा दाबून टाकावी लागते, ती झोपेत वाट काढते आणि स्वप्नात पुरी होते, असे त्यांचे मत होते. दिवसभरात पाहिलेल्या-ऐकलेल्या गोष्टींचे तुकडे घेऊन मन स्वप्न रचते, असेही त्यांनी सांगितले. आता बहिणाचे स्वप्न आठवा. गुरू मिळावा, ही तिची इच्छा होती आणि घरात तीच दाबली जात होती. कीर्तनात जयरामस्वामींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला होता. स्वप्नातही मस्तकावर हात आला, पण तो तुकोबांचा होता.

स्वित्झर्लंडचे कार्ल युंग आधी फ्रॉइड यांचे सहकारी होते. पुढे त्यांचे मत बदलले. जागेपणीच्या जीवनात जी उणीव असते, ती स्वप्न भरून काढते, असे ते मानत. वाट दाखवणारा वडीलधारा, शहाणा माणूस अनेक देशांतील लोकांच्या स्वप्नांत आणि कथांत येतो, हेही त्यांच्या लक्षात आले होते.

इ.स. १९५३ मध्ये शिकागो येथील संशोधकांनी एक नवी गोष्ट दाखवून दिली. झोपेत काही वेळा मिटलेल्या पापण्यांखाली डोळे भराभर हलतात. अशा वेळी माणसाला उठवले, तर तो बहुधा स्वप्न सांगतो. ही अवस्था रात्रीतून चार-पाच वेळा येते. म्हणजे स्वप्न आठवले नाही, तरी ते पडलेले असू शकते. पुढे इ.स. १९७७ मध्ये हॉब्सन आणि मॅकार्ली या दोन शास्त्रज्ञांनी निराळा विचार मांडला. झोपेत मेंदूच्या आतल्या भागातून आपोआप संदेश उठतात आणि मेंदू त्यांची जुळवाजुळव करून गोष्ट बनवतो, असे त्यांचे म्हणणे होते. हे खरे मानले, तरी ती गोष्ट ज्याच्या-त्याच्या आठवणींतूनच बनते. शेतकऱ्याला पीक दिसते आणि नावाड्याला नाव दिसते.

अमेरिकेतील रोझालिंड कार्टराइट यांनी घटस्फोटामुळे खचलेल्या माणसांची स्वप्ने तपासली. ज्यांना त्या काळात आपल्या दुरावलेल्या जोडीदाराची स्वप्ने पडत होती, ते पुढे अधिक चांगले सावरले, असे त्यांना आढळले. दुःखाची धार बोथट करणे, हे स्वप्नाचे एक काम असावे, असे त्यांचे मत होते. बहिणाही त्या स्वप्नानंतर वासराच्या दुःखातून सावरली.

यांपैकी कोणताही एक विचार सर्व स्वप्नांना पुरा पडत नाही. शास्त्रज्ञांचा शोध अजून चालूच आहे.

बहिणाची खरी परीक्षा मात्र जागी झाल्यावर सुरू झाली. काही लोक तिला वेडी म्हणू लागले, तर काही तिच्या दर्शनाला येऊ लागले. पतीचा राग वाढला. त्यांनी तिला पुन्हा मारले आणि गोठ्यात कोंडले. शेवटी ती गरोदर असताना तिला सोडून जायचे त्यांनी ठरवले. पण निघण्याच्या वेळीच त्यांच्या अंगाचा दाह होऊ लागला. तो आजार महिनाभर टिकला. त्या आजारपणात त्यांना पश्चात्ताप झाला. आपण या मुलीवर अन्याय केला, हे त्यांना उमगले.

मग सारे कुटुंब देहूला गेले. स्वप्नात पाहिलेले तुकोबा बहिणाबाईंना प्रत्यक्ष भेटले. तेथेही मंबाजी नावाच्या माणसाने त्यांना फार छळले, पण त्या डगमगल्या नाहीत. देहूतच त्यांना मुलगी झाली. तिचे नाव काशीबाई ठेवले. पुढे त्यांना विठ्ठल नावाचा मुलगाही झाला. त्यांनी संसार सोडला नाही आणि भक्तीही सोडली नाही. उत्तरायुष्य त्यांनी शिऊरला घालवले. तेथेच इ.स. १७०० मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी शिऊरला आहे.

बहिणाबाईंनी आपली कहाणी स्वतःच अभंगांत सांगून ठेवली. लग्न, भटकंती, वासरू, मार आणि स्वप्न, काहीच त्यांनी लपवले नाही. स्त्रीने सांगितलेले एवढे जुने आत्मचरित्र मराठीत दुर्मीळ आहे. इ.स. १९२९ मध्ये जस्टिन ॲबट यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले आणि कोल्हापुरातले ते स्वप्न दूरदेशीच्या वाचकांपर्यंत पोहोचले.

मुलांनो, स्वप्न पडणे आपल्या हाती नसते. जाग आल्यावर काय करायचे, ते मात्र आपल्या हाती असते. आपण कोणाला गुरू मानावे, हे बहिणाबाईंनी स्वतः ठरवले. त्यासाठी मार सोसला, निंदा सोसली, पण जे ठरवले ते सोडले नाही. त्या स्वप्नाची ताबीर त्यांनी आपल्या जगण्यातून दिली.

स्वाध्याय

१. बहिणाबाईंच्या कुटुंबाला गाव का सोडावे लागले?
२. संत तुकारामांना गुरू मानण्यात बहिणाबाईंना कोणत्या अडचणी आल्या?
३. कीर्तनातील कोणती गोष्ट बहिणाबाईंच्या स्वप्नात वेगळ्या रूपाने आली?
४. फ्रॉइड आणि कार्टराइट यांच्या विचारांत तुम्हांला कोणता फरक दिसतो?
५. तुम्हांला आठवणारे एखादे स्वप्न पाच-सहा ओळींत मराठीत लिहा. ते का पडले असावे, याचा विचार करा.