अमेरिकेने प्रवेश नाकारलेला डॉक्टर : जेम्स मॅक्यून स्मिथ

१९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, हे आपल्याला तोंडपाठ आहे. पण त्याआधी सुमारे ऐंशी वर्षांपूर्वी याच कोलंबियाने न्यूयॉर्कमधल्याच एका हुशार तरुणाला तो कृष्णवर्णीय आहे म्हणून दारातूनच परत पाठवले होते. त्याचे नाव जेम्स मॅक्यून स्मिथ.

जेम्स यांचा जन्म १८१३ चा. आई गुलाम होती, म्हणून मुलगाही जन्मतःच गुलाम. ४ जुलै १८२७ रोजी न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरी संपली, तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. कृष्णवर्णीय मुलांसाठीच्या आफ्रिकन फ्री स्कूलमध्ये ते इतके चमकले की, फ्रान्सचे सेनानी लाफायेत शाळेत आले तेव्हा स्वागताचे भाषण करायला अकरा वर्षांच्या जेम्सला उभे केले गेले. शाळा संपली आणि ते लोहाराच्या भट्टीवर कामाला लागले. एका हाताने भाता ओढायचा आणि दुसऱ्या हातात लॅटिनचे व्याकरण, अशी त्यांची आठवण मित्राने सांगून ठेवली आहे.

डॉक्टर व्हायचे होते, पण कोलंबियाने आणि जिनिव्हा येथील वैद्यकीय महाविद्यालयानेही नकार दिला. शेवटी पीटर विल्यम्स या कृष्णवर्णीय धर्मगुरूंनी आणि इतर हितचिंतकांनी पैसे जमवले आणि १८३२ साली त्यांना समुद्रापार स्कॉटलंडला पाठवले. ग्लासगो विद्यापीठातून ते १८३५ मध्ये बी.ए., १८३६ मध्ये एम.ए. आणि १८३७ मध्ये एम.डी. झाले. वैद्यकीय पदवी मिळवणारे ते पहिले आफ्रिकन-अमेरिकन.

परत येऊन त्यांनी न्यूयॉर्कमध्ये दवाखाना आणि औषधांचे दुकान काढले. गोरे रुग्णही येत. कृष्णवर्णीय अनाथ मुलांच्या आश्रमाचे ते जवळपास वीस वर्षे डॉक्टर होते.

मला मात्र सगळ्यात मोठे वाटते ते त्यांचे आकडेवारीचे काम. समाजशास्त्रात एम.ए. करताना आम्हाला जनगणना शिकवली, हे उदाहरण कुणी सांगितले नाही. १८४० च्या अमेरिकन जनगणनेत उत्तरेकडच्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांमध्ये वेडाचे प्रमाण प्रचंड दाखवले होते. गुलामगिरीचे समर्थक लगेच म्हणू लागले की स्वातंत्र्य या लोकांना झेपतच नाही. स्मिथ यांनी तक्ते उलगडून बघितले, तर ज्या गावांत एकही कृष्णवर्णीय राहत नव्हता तिथेही कृष्णवर्णीय वेड्यांची नोंद! त्यांनी हे सगळे मांडून सिनेटकडे निवेदन पाठवले. जनगणना दुरुस्त झाली नाही.

आपल्याकडे मेरिटची भाषा करणाऱ्यांनी पुढचा भाग नीट वाचावा. ग्लासगोची एम.डी. असूनही त्यांचा शोधनिबंध वैद्यकीय सभेत एका गोऱ्या डॉक्टरने वाचला, कारण स्वतः स्मिथ यांना तिथे उभे राहायची परवानगी नव्हती. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने त्यांना कधीच सदस्य केले नाही. १८६३ च्या दंगलीत गोऱ्या जमावाने तो अनाथाश्रम जाळला. दोनशेहून अधिक मुले वाचली. स्मिथ यांनी कुटुंबासह ब्रुकलिन गाठले.

१७ नोव्हेंबर १८६५ रोजी ते गेले. गुलामगिरी देशभरातून संपवणारी घटनादुरुस्ती त्यानंतर तीन आठवड्यांत मंजूर झाली. पुढे त्यांचे वंशज गोरे म्हणून जगू लागले आणि घरातच त्यांचे नाव पुसले गेले. थडग्यावर नावाचा दगड बसला तो २०१० साली. न्यूयॉर्क अ‍ॅकॅडमी ऑफ मेडिसिनने १८४७ मध्ये नाकारलेली फेलोशिप त्यांना २०१८ मध्ये दिली, म्हणजे १७१ वर्षांनी.